ठाणे ते वाशी, कुर्ल्याला न जाता

(दृश्य: ठाणे स्टेशन, सकाळ. ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर वाशी लोकल शिरते.)

२००४ च्या आधी ठाण्याहून वाशीला लोकलनं जायचं, तर आधी कुर्ला गाठावं लागे. तिथं पूल चढायचा, हार्बरचा फलाट धरायचा आणि मानखुर्दवरून खाडी ओलांडायची. समोर दिसणाऱ्या गावाला एवढा वळसा!

कंपन्यांच्या कॉम्प्युटरांचीही एके काळी हीच गत होती. आयबीएमनं १९७४ मध्ये आणलेल्या सिस्टम्स नेटवर्क आर्किटेक्चर या जोडणीच्या पद्धतीत सगळ्यांच्या डोक्यावर एक मेनफ्रेम, म्हणजे मोठा मध्यवर्ती कॉम्प्युटर असे. शाखांना आपसात बोलायचं, तरी जोडणी त्याच्याच हातात. ज्यांच्याकडे मेनफ्रेमच नाही, अशा मध्यम कारखान्यांनी काय करायचं?

त्यांच्यासाठी १९८६ मध्ये सिस्टम/३६ या छोट्या मशीनवर एपीपीएन (अ‍ॅडव्हान्स्ड पीअर-टू-पीअर नेटवर्किंग) ही मशीनं थेट जोडण्याची पद्धत आली. १९८८ च्या एएस/४०० या मशीनमध्ये तर ती आतच होती. इथं कुणी साहेब नाही, सगळी मशीन बरोबरीची.

(दृश्य: ठाणे-बेलापूर रस्ता, रबाळ्याजवळ. कारखान्याच्या फाटकातून टेम्पो बाहेर पडतो.)

समजा, रबाळ्यातल्या कारखान्याला भिवंडीच्या गोदामाशी बोलायचंय. त्याच्या मशीनला गोदामाच्या मशीनचं फक्त नाव ठाऊक आहे, ठिकाण नाही. ते आपल्या नेटवर्क नोडला, म्हणजे इतरांसाठी पत्ते आणि वाटा शोधणाऱ्या मशीनला विचारतं. नोडला माहीत नसेल तर तो शेजारच्या नोडांना विचारतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना. नवख्या माणसानं गावात घर शोधावं तसं. पत्ता लागला की उत्तर त्याच वाटेनं परत येतं.

आता रस्ता ठरवायचा. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते: प्रत्येक नेटवर्क नोडकडे सगळ्या नोडांचा आणि त्यांच्यामधल्या लाइनींचा नकाशा असतो. एखादी लाइन पडली की बातमी नोडानोडांतून पसरते आणि सगळे आपापला नकाशा दुरुस्त करतात. रस्ता निवडताना लाइनीचा वेग, खर्च, विलंब, सुरक्षितता, सगळं जोखलं जातं. पडद्यासमोर ऑर्डर भरणाऱ्याला जलद वाट द्यायची, रात्रीच्या भल्यामोठ्या फायलींना स्वस्त.

एक उणीव मात्र खरीच जाचक होती. वाट सुरुवातीला ठरली की ठरली. मधली लाइन तुटली की सेशन, म्हणजे दोन मशीनांमधलं चालू बोलणं, तुटलं, आणि अर्धी भरलेली ऑर्डर पुन्हा पहिल्यापासून.

(दृश्य: घणसोलीजवळ सिग्नलला थांबलेली लोकल.)

१९९० च्या दशकात एचपीआर (हाय-परफॉर्मन्स राउटिंग) ही एपीपीएनची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा ही अडचण सुटली. आता दोन्ही टोकांची मशीन पाकिटांचा, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांचा हिशेब ठेवतात. लाइन गेली तर चालू सेशन दुसऱ्या वाटेवर वळवतात आणि हरवलेली पाकिटं पुन्हा पाठवतात. रबाळ्यात ऑर्डर भरणाऱ्या माणसाचा पडदा क्षणभर अडखळतो, मग पुढचा रकाना उघडतो.