मुलाखतीची वेळ बदलून मागताना

(सोलापुरात पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मुलाखत पुढे ढकला म्हटलं की नोकरी गेली, अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. म्हणून काही मुलं तापातच पुण्याला जातात आणि काही जण न कळवता गैरहजर राहतात. प्रत्यक्षात वेळ बदलून मागणं ही एचआर विभागासाठी नेहमीची गोष्ट आहे. नाराजी येते ती त्या मागणीमुळे त्यांच्यावर पडणाऱ्या कामामुळे. तुमच्या मुलाखतीला दोन-तीन जणांचं पॅनेल असतं. त्या सगळ्यांची मोकळी वेळ जुळवून, खोली किंवा व्हिडिओ कॉलची लिंक ठरवून तुम्हाला निरोप आलेला असतो. तुम्ही "मला जमणार नाही, दुसरी तारीख द्या" एवढंच लिहिलंत, तर ही सगळी जुळवाजुळव त्यांना पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

म्हणून कळवण्याआधी एक हिशेब करा. दिवस बदलायला हवा, की नुसती वेळ बदलून भागेल? सोलापूरकरांसाठी हा प्रश्न मोठा आहे. सकाळी साडेसहाच्या सुमारास निघणारी हुतात्मा एक्सप्रेस पुण्यात साडेदहाच्या आसपास पोचते. स्टेशनावरून हिंजवडी किंवा चाकण गाठायला आणखी तास-दीड तास लागतो. म्हणजे अकराची मुलाखत त्या गाडीने साधत नाही, पण एकची आरामात साधते, आणि संध्याकाळी सहाच्या हुतात्माने परतताही येतं. मुंबईचंही तसंच. सकाळची वंदे भारत दुपारी साडेबाराच्या सुमारास पोचते, त्यामुळे सकाळच्या मुलाखतीसाठी आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेसच धरावी लागते. गाड्यांच्या वेळा बदलतात, कोणती गाडी कोणत्या दिवशी नसते हेही पाहून घ्या. त्याच दिवशी दोन तास पुढे सरकणं पॅनेलला दिवस बदलण्यापेक्षा पुष्कळ सोपं जातं. "मी सोलापूरहून येणार आहे, त्याच दिवशी दुपारी १ नंतरची वेळ मिळू शकेल का?" या विनंतीला सहसा कोणी नाक मुरडत नाही.

आता कधी कळवायचं. अडचण कळली त्याच दिवशी. दोन दिवस आधी कळवलंत तर मेल पुरे. मुलाखत चोवीस तासांच्या आत असेल तर आधी फोन, आणि फोन ठेवल्यावर तेच मेलवर. नुसता मेल टाकून गप्प बसलात, तर तो पॅनेल खोलीत येऊन बसल्यावर वाचला जाण्याची शक्यता असते. फोनवर लांबण नको: "नमस्कार मॅडम, मी (तुमचं नाव) बोलतोय. उद्या सकाळी अकराला माझी मुलाखत आहे, ज्युनिअर अकाउंटंट पदासाठी. एक अडचण आली आहे, दोन मिनिटं बोलू शकतो का?" नाव, पद, वेळ आधी सांगा. समोरच्या बाईंकडे त्या दिवशी बारा उमेदवार असू शकतात.

कुणाला कळवायचं, इथेही चुका होतात. कन्सल्टन्सीमार्फत अर्ज केला असेल तर आधी त्यांना. कॉलेजच्या कॅम्पस मुलाखतीत प्लेसमेंट अधिकाऱ्यांना, कंपनीला परस्पर नाही. निमंत्रण ज्या मेलने आलं, त्याच मेलला उत्तर द्या आणि प्रतीत (सीसीमध्ये) असलेल्या सगळ्यांना ते जाऊ द्या. नवा विषय टाकून वेगळा मेल पाठवलात की मागचा संदर्भ तुटतो. कॅलेंडरच्या निमंत्रणावर नुसतं 'नकार' दाबू नका. पलीकडे ते 'उमेदवाराला रस नाही' असं वाचलं जाऊ शकतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मिनिटांचा आवाजी संदेश तर मुळीच नको.

मेल पाच-सहा वाक्यांचा असावा. बहुतेक जण तो इंग्रजीत लिहाल, पण क्रम हाच ठेवा:

"आदरणीय मॅडम, ज्युनिअर अकाउंटंट पदासाठी मंगळवार, १४ तारखेला सकाळी ११ वाजता माझी मुलाखत ठरली आहे. त्याच वेळी माझा विद्यापीठाचा पेपर असल्याने मला हजर राहता येणार नाही. गुरुवार, १६ तारखेला दुपारी १ ते ४ किंवा शुक्रवार, १७ तारखेला दिवसभर मी येऊ शकतो. ऑनलाइन मुलाखत सोयीची असेल तर बुधवारी सकाळीही चालेल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. या पदासाठी मी उत्सुक आहे, आपल्या उत्तराची वाट पाहतो."

खाली पूर्ण नाव आणि मोबाइल क्रमांक. यात सगळ्यात महत्त्वाचं आहे ते तिसरं वाक्य. "कधीही चालेल" हे ऐकायला नम्र वाटतं, पण निर्णयाचं ओझं त्यांच्यावरच टाकतं. दोन-तीन ठोस पर्याय दिले की त्यांना एकावर खूण करायची उरते. तारखेबरोबर वार लिहाच, आणि दोन्ही जुळतात का ते पाहा. 'बुधवार, १६' लिहिलंत आणि १६ला गुरुवार असेल, तर तो घोळ निस्तरायला आणखी दोन मेल. परदेशी कंपनी असेल तर वेळेपुढे 'भारतीय वेळ' लिहा. लंडन आपल्या मागे हिवाळ्यात साडेपाच तास असतं आणि उन्हाळ्यात साडेचार, कारण तिथे घड्याळ पुढे सरकवतात. मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेरच्या आठवड्यात इथे हमखास तासाचा घोटाळा होतो.

कारण एका ओळीत. पेपर, आजारपण, घरातलं निधन, सध्याच्या नोकरीतलं अडलेलं काम, ही कारणं समजून घेतली जातात. डॉक्टरांचा कागद न मागता जोडू नका, पण मागितलं तर हॉल तिकीट दाखवता यायला हवं. म्हणून खोटं कारण नको. दुसरी मुलाखत त्याच वेळी असेल तर "आधी ठरलेलं काम आहे" एवढंच म्हणा. आणि गड्डा! म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणारी आपली सिद्धेश्वर यात्रा. तिच्या मिरवणुकीत नंदीध्वजाचा, म्हणजे सजवलेल्या उंच काठीचा, मान ज्यांच्या घरी असतो, त्यांना त्या दिवशी खरंच निघता येत नाही. पण मुंबईच्या एचआरला गड्डा म्हणजे काय ते समजावत बसू नका. "घरचा पूर्वनियोजित धार्मिक कार्यक्रम" पुरे, आणि हे महिनाभर आधी माहीत असतं, तेव्हा निमंत्रण आल्या आल्या कळवा. मिरवणुकीच्या मार्गावर घर असेल तर त्या दिवशी ऑनलाइन मुलाखतही घरून देऊ नका, आवाजात काही ऐकू येणार नाही.

वॉक-इन मुलाखतीत बदलून घेण्यासारखी वेळच नसते, जाहिरातीतला दुसरा दिवस पाहायचा. सरकारी भरतीत तारीख बदलता येते का, हे मुलाखतपत्रातच वाचा. तिथे विनंतीपेक्षा नियम चालतो.

वाटेतच खोळंबा झाला तर? गाडी कुर्डुवाडीला अडकली की तिथूनच फोन करा, दौंडनंतर नाही. "पोचतोच पाच मिनिटांत" म्हणू नका. अंदाजात अर्धा तास वाढवून सांगा, कारण दुसऱ्यांदा वेळ चुकली की पहिल्या फोनचाही उपयोग राहत नाही. रेंज नसेल तर एसएमएस टाकून ठेवा.

विनंती पाठवली म्हणजे वेळ बदलली असं नाही. उत्तर येईपर्यंत जुनी वेळ कायम असते. कामाचा एक दिवस वाट पाहून फोन करा. होकार आला तर "गुरुवार, १६, दुपारी १, पक्कं" असं उलट लिहा आणि लिंक नवी आहे की जुनीच, ते विचारा. एकदा बदललेली वेळ पुन्हा बदलायची पाळी आली तर फोनवरच बोला, आणि "जमणार नसेल तर माझा अर्ज मागे घेतो" असं म्हणायची तयारी ठेवा. रेल्वेचं जुनं तिकीट मात्र होकार हातात आल्यावरच रद्द करा, आणि मग लगेच करा. गाडी सुटायची वेळ जवळ येईल तशी कपात वाढत जाते.