नळीतलं दूध की शिरेतली बाटली?

श्रोतेहो, नमस्कार.

मुलांच्या आयसीयूबाहेर बसलेले आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात: "डॉक्टर, कालपासून लेकराच्या पोटात काही नाही. शिरेतून तरी ताकदीचं द्या ना." त्यांची तगमग खरी असते. पण आपण जिला ग्लुकोजची बाटली म्हणतो, त्या ५ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरात साखर असते जेमतेम २५ ग्रॅम. तो आहार नव्हे. शिरेतून पूर्ण आहार, म्हणजे प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, साखर, सगळंच देता येतं. मात्र तो घाईने सुरू करणं मुलाच्या हिताचं नसतं.

बेल्जियम, नेदरलँड्स आणि कॅनडातल्या तीन रुग्णालयांनी १,४४० मुलांवर केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. नाकातून पोटात घातलेल्या नळीने दूध दोन्ही गटांना मिळत होतं. एका गटाची उरलेली गरज पहिल्या २४ तासांतच शिरेतून भागवली, दुसऱ्या गटाला त्यासाठी आठवडाभर थांबवलं. नवा जंतुसंसर्ग झाला तो घाई केलेल्या गटात १८.५ टक्के मुलांना, थांबलेल्या गटात १०.७ टक्के. थांबलेली मुलं आयसीयूतून लवकर बाहेरही आली. मला स्वतःला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण तोवर आम्हा डॉक्टरांनाही 'काहीतरी द्यायलाच हवं' असंच वाटायचं.

आतड्यात थोडं जरी दूध गेलं तरी त्याचं अस्तर शाबूत राहतं. म्हणून शक्य असेल तर पहिल्या २४ तासांतच नळी घालतात. सिस्टर नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत माप घेतात, तिथे खूण करतात, नळी सरकवतात. मग सिरिंजने थोडा द्रव ओढून त्याची आम्लता पाहतात; नळी पोटातच आहे याची खात्री पटल्याशिवाय दुधाचा थेंबही सोडत नाहीत. सुरुवातीला दूध अगदी थोडं असतं. ते पाहून "एवढ्याने काय होणार?" असं म्हणू नका.

आतडं फाटलंय, अडकलंय, किंवा बाळ फारच अपुऱ्या दिवसांचं आहे, तिथे शिरेतला आहारच जीव वाचवतो. अपुऱ्या दिवसांची बाळं त्या अभ्यासात नव्हतीच.

तेव्हा मायबापहो, डॉक्टरांना रोज विचारा: आज नळीने किती दिलं, किती पचलं, उद्या वाढवणार का? आणि बाळ अंगावर पिणारं असेल तर आईने दूध काढत राहावं. ते कसं साठवायचं, सिस्टर दाखवतील.