तिसऱ्या वर्षाला बर्कली

नमस्कार, श्रोतेहो. कॅलिफोर्नियातल्या मराठी घरातलं मूल शाळेनंतर कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजला, जाणार असेल, तर आईवडील ते जरा आवाज उतरवूनच सांगतात. मला याचं वाईट वाटतं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगला गेलेली मुलं आपण महाराष्ट्रात पाहिलीच आहेत ना?

इथला रस्ता तर राज्यानं मुद्दाम आखलेला आहे. उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅननं शाळेतल्या वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांना थेट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं दार उघडलं आणि बाकीच्यांनाही कम्युनिटी कॉलेजात शिकून तिसऱ्या वर्षाला तिथं जाता येईल अशी सोय केली. आज अशी ११६ कॉलेजं आहेत. कुपर्टिनोचं डी अँझा त्यातलंच. कोर्स मोजतात ते युनिटांत; राज्याच्या रहिवाशाला एका सेमिस्टर युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे दोन वर्षांच्या साठ युनिटांची फी २,७६० डॉलर. पुढं पदवी मिळते ती युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कलीची किंवा लॉस एंजेलिसची, म्हणजे यूसीएलएचीच.

पण हा रस्ता आपोआप पार होत नाही. मुलं अडतात ती बहुधा विषयांच्या निवडीत. तुमच्या कॉलेजातला कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात, कुठल्या शाखेला चालतो, हे 'असिस्ट' या सरकारी संकेतस्थळावर मोफत पाहता येतं. ते पहिल्या सत्राच्या आधी पाहा. इंजिनीअरिंगला जायचंय आणि कॅल्क्युलस पहिल्या सत्रात घेतलं नाही, तर फिजिक्स मागं पडतं, पुढचं गणित मागं पडतं आणि दोन वर्षांची तीन होतात. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही, जी मुलं नोकरी सांभाळून शिकतात, त्यांना हे वेळेवर कुणी सांगत नाही. वर्ष वाया जातं ते त्यांचंच, आणि दोष मात्र त्यांच्या हुशारीला दिला जातो.

आणखी एक. अर्ज भरायचा तो दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा हातात ग्रेड असतात त्या मुख्यतः पहिल्या वर्षाच्या. 'आधी रुळू दे, मग अभ्यासाला लागेल' असं म्हणायला इथं सवडच नाही. विषय झेपत नसेल तर कौन्सिलरकडे, म्हणजे कॉलेजातल्या सल्लागाराकडे, पहिल्याच महिन्यात जा. कॉलेजात मोफत शिकवणीही असते, तिथं बसा.

डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ ही युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सहा विद्यापीठं अटी पूर्ण करणाऱ्यांना प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत; तिथं चुरस आहे. म्हणून सहापैकी एकाची हमी घ्यावी आणि बर्कलीलाही अर्ज करावा. हमीचा अर्ज मात्र वेगळा आहे आणि तो मुख्य अर्जाच्या आधी, सप्टेंबरातच भरावा लागतो.