दोरीवर वाळणारे कागद

(दृश्य : अंगणातली नायलॉनची दोरी. कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेले कागद. मागे कमरेइतक्या उंचीपर्यंत चिखलाने रंगलेली भिंत.)

जुलै २०२१. गोव्यातला सत्तरी तालुका, म्हादईकाठचं एक गाव.

२३ तारखेला नदी घरात शिरली. १९८२ नंतर एवढा पूर आला नव्हता, असं जुनी माणसं सांगत होती. पाणी उतरल्यावर कुणी तांदूळ बाहेर काढले, कुणी गाद्या. या घरातल्या काकींनी आधी ट्रंक उघडली.

(दृश्य : काळी लोखंडी ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. नावाची अक्षरं पुसट.)

ही काकींच्या यजमानांची, हवालदारकाकांची फौजी ट्रंक. बेळगावहून निघाली ती पंजाब, काश्मीर, ईशान्येकडचे डोंगर फिरून इथे आली आणि मग खाटेखाली राहिली. आत हिरव्या-लाल तुऱ्याची टोपी. मराठा लाइट इन्फंट्रीचा तुरा. टोपीच्या खाली कागद.

दोरीवर काय काय आहे, ते जरा नीट बघूया.

(दृश्य : एकेका कागदावर कॅमेरा थांबतो.)

हे डिस्चार्ज बुक. फौजेतून घरी येताना मिळतं. भरती कधी, निवृत्ती कधी, पदकं कोणती, घरी कोण कोण, सगळं यात. एका पानावर चारित्र्याची नोंद असते. इथे शाई पसरली आहे, तरी शब्द वाचता येतो : एक्झेम्प्लरी.

शेजारचा लांबट कागद म्हणजे पीपीओ, पेन्शन पेमेंट ऑर्डर. पेन्शन सुरू होते ती या कागदाच्या जोरावर. वेतन आयोग आला, वन रँक वन पेन्शन आलं, प्रत्येक वेळी दुरुस्तीचा नवा कागद. काकींच्या दोरीवर असे तीन आहेत. पुढे माजी सैनिकाचं ओळखपत्र. मग कँटीनचं कार्ड. आणि सगळ्यात शेवटी, प्लास्टिकचं असल्यामुळे वाचलेलं, ईसीएचएसचं स्मार्ट कार्ड. माजी सैनिकांची ही आरोग्य योजना एप्रिल २००३ पासून चालू आहे. पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी, तिथूनच औषधं, गरज पडली तर योजनेतल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवणी. हे सगळं या कार्डावर.

बाहेरच्या माणसाला ही रद्दी वाटेल. पण या घरात औषध, किराणा, बँक आणि दवाखाना, चारही दरवाजे याच कागदांनी उघडतात. एका कागदावरचं नाव दुसऱ्याशी जुळलं नाही, की चारही बंद.

(दृश्य : वाळपईचं बसस्थानक. कदंबची रिकामी बस.)

मार्च २०२०. जनता कर्फ्यू, मग टाळेबंदी. २५ मार्चला गोव्यात पहिले तीन रुग्ण सापडले.

सत्तरीतल्या फौजी घरांची अडचण समजायला नकाशा पुरे. नौदल वास्कोकडे. लष्करी इस्पितळ पणजीत. सत्तरीच्या आतल्या गावातून निघालं, की वाळपई नाहीतर साखळीला एक बस, पणजीला दुसरी, वास्कोला तिसरी. बस बंद म्हणजे महिन्याची औषधं बंद. हवालदारकाकांना मधुमेह, काकींना रक्तदाब.

तेव्हा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेने एक चांगली गोष्ट केली. औषधं बाहेरच्या दुकानातून विकत घ्या, बिलं जपून ठेवा, पैसे नंतर मिळतील, अशी मुभा दिली. पुढे कोविड झालेल्यांना ऑक्सिमीटरचे पैसेही मिळू लागले, घरटी एक, कमाल १,२०० रुपये. ही मुभा गावागावांत पोचवली ती व्हॉट्सॲपवरच्या फौजी मंडळींनी. त्या संदेशांचे स्क्रीनशॉट आम्ही बघितले. रात्री साडेअकरा वाजता एक निवृत्त सुभेदार दुसऱ्याला सांगतोय, मूळ बिल दे, झेरॉक्स स्वतःकडे ठेव.

(दृश्य : भिंतीवरचा गणवेशातला फोटो. खाली सुकलेला हार.)

२०२० च्या पावसाळ्यात हवालदारकाका गेले. कोविडने नाही, हृदयविकाराने.

(दृश्य : काकींचे हात. अडकित्ता, सुपारी.)

आता पेन्शन काकींच्या नावावर व्हायची. मृत्यूचा दाखला पंचायतीतून मिळाला. बँकेचं खातं जोडीने होतं, तेही ठीक. अडलं ते नावावर.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. काकींचंही बदललं. पण लग्नानंतर युनिटमध्ये नोंद करताना काकांनी माहेरचं नाव सांगितलं होतं. त्यांच्या तोंडात तेच बसलेलं. डिस्चार्ज बुकात माहेरचं नाव, पीपीओत माहेरचं नाव. आधार कार्डावर, रेशन कार्डावर, बँकेत सासरचं. जन्मभर दोन्ही नावांना त्यांनी ओ दिली. संगणकाला दोन बायका दिसल्या.

दुरुस्ती कशी होते? शपथपत्र करायचं. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची. दोन्ही नावांची बाई एकच, असा दाखला घ्यायचा. फोटो, जुन्या नोंदी, सगळ्याच्या साक्षांकित प्रती लावायच्या आणि रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवायच्या. तिथून नोंद सुधारून येते, मग पीपीओ सुधारतो, मग बँक, मग आरोग्य कार्डाचा नवा अर्ज. साखळीतली एक कडी थांबली की मागचं सगळं थांबतं.

(दृश्य : चोर्ला घाट, धुकं. केरीचा तपासणी नाका.)

मराठा रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावात. केरीहून घाट चढला की पलीकडे. काका होते तेव्हा सकाळी जाऊन संध्याकाळी परत येत. आता मध्ये राज्याची सीमा होती आणि सीमेवर पोलिस. कागद पोस्टाने गेले, एकदा सही कमी पडली म्हणून परत आले, पुन्हा गेले.

या घाटाखालच्या मुलखाला शिपाईगिरी नवीन नाही. १८९५ साली मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला तेव्हा पोर्तुगिजांच्या मराठा शिपायांनी बंड केलं, आणि सत्तरीच्या राणे मंडळींनी त्यांना साथ दिली. गोवामुक्तीनंतर इथली मुलं बेळगावच्या भरतीला घाट चढून जाऊ लागली. त्या मुलांच्या बायकांचं वय आता सत्तरच्या पुढे आहे.

(दृश्य : मातीची वाट. पोस्टमन, मास्क, पाठीवर पिशवी. मागे कुत्रं.)

नोव्हेंबर २०२०. हयातीच्या दाखल्याचा, म्हणजे पेन्शन घेणारं माणूस जिवंत आहे हे दाखवायचा महिना. त्या वर्षी मुदत आधी डिसेंबरअखेरपर्यंत होती, मग २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत वाढली. आणि त्याच नोव्हेंबरात पोस्टाच्या बँकेने घरपोच दाखल्याची सेवा सुरू केली. सत्तर रुपयांत पोस्टमन घरी येतो. सोबत मोबाइल आणि बोटांचे ठसे घेणारं छोटं यंत्र.

काकींच्या शेजारी एक आजी राहतात. त्यांचा मुलगा सैन्यात होता. त्यांना आईची पेन्शन मिळते. हे चित्रण त्यांच्या ओसरीवरचं आहे.

(दृश्य : आजींचं बोट यंत्रावर. लाल दिवा. पुन्हा बोट. लाल दिवा.)

आजींनी चाळीस वर्षं काजूच्या बागेत काम केलं. बोंडू पिळणं, बिया भाजणं, फोडणं. टरफलातल्या तेलाने कातडी जळते, सोलते, पुन्हा येते. बोटांवरच्या रेषा मात्र परत येत नाहीत.

उजवा अंगठा झाला. डावा झाला. मग तर्जनी. पोस्टमनने सॅनिटायझर पुसला, बोटाला खोबरेल लावलं, फडक्याने टिपलं. आजी त्याला म्हणाल्या, "बोटां लागनात रे बाबा."

(दृश्य : आवाज नाही. फक्त यंत्र आणि हात.)

सातव्या बोटाला हिरवा दिवा लागला.

मग मोबाइलवर ओटीपी यायचा होता. त्यासाठी नातू फोन घेऊन घरामागच्या टेकाडावर गेला आणि वरून एकेक आकडा ओरडून सांगत राहिला. दाखला निघाला. बँकेच्या रांगेत आजींना उभं राहावं लागलं नाही.

(दृश्य : देवळाचा सभामंडप. अंतर ठेवून मांडलेल्या खुर्च्या. टेबलावर लॅपटॉप, प्रिंटर.)

पुरानंतर, ऑगस्टात, गावातल्या देवळात माजी सैनिकांनी स्वतःच शिबिर भरवलं. प्रिंटर स्कूटरवरून आणला होता. भिजलेल्या कागदांचे फोटो काढायचे, फाइलच्या ठरलेल्या आकारात, केबीत, बसवायचे, अर्ज ऑनलाइन चढवायचा, कार्ड येईपर्यंत चालणारी पावती छापून हातात द्यायची. लॅपटॉपवर बसलेले सुभेदार सैन्याच्या सिग्नल म्हणजे संदेशवहन शाखेतून निवृत्त झालेले. प्रत्येक बाईला ते "वहिनी" म्हणतात आणि उभं राहून बोलतात.

आम्ही दिवसभर तिथे होतो. एका टेबलावर एवढं काम होतं. हेच टेबल तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा सरकारने मांडलं, तर ऐंशी वर्षांच्या बाईला तीन बस बदलाव्या लागणार नाहीत. महामारीत पोस्टमन ओसरीवर येऊ शकला, तर कार्डही येऊ शकतं.

हयातीची नोंद वेळेत झाली नाही, म्हणून एप्रिल २०२२ मध्ये देशभरात ५८,२७५ संरक्षण पेन्शनरांची पेन्शन महिनाअखेरीस जमा झाली नव्हती. ती मेच्या पहिल्या आठवड्यात मिळाली आणि ओळख पटवायला २५ मेपर्यंत मुदत दिली गेली.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. त्यात आजींचा चेहरा, गोल चौकटीत.)

नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस चेहरा ओळखून दाखला देणारी सोय सुरू झाली. पुढच्या खेपेला नातवाने तीच वापरली. आजींना बोट लावावं लागलं नाही. फक्त डोळ्यांची उघडझाप करायची होती. त्या हसत होत्या म्हणून दोनदा करावं लागलं.

(दृश्य : काकींचं घर. रंगवलेली भिंत. पुराच्या पाण्याची रेघ मुद्दाम ठेवलेली.)

काकींचा सुधारलेला पीपीओ आला. त्यावर दोन्ही नावं आहेत, मध्ये "उर्फ". आरोग्य कार्डाची पावती मिळाली आहे, कार्ड यायचं आहे.

वाळलेले कागद काकींनी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातले. प्रतींचा एक संच भावाकडे साखळीला ठेवला. ट्रंक आता खाटेखाली नाही.

(दृश्य : शिडी. दोन मुलगे ट्रंक माळ्यावर चढवतात. काकी खालून हात लावतात.)