लाल रेषेपलीकडचा रस्ता

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय 'ऑफरपासून किल्लीपर्यंत' असा छापलाय. तिकडे येणारच आहे. पण आधी मला सांगा, इथे इंग्लंडमध्ये सध्या कोण कोण घर बघत फिरतंय? बरेच हात आहेत. आता त्यातल्या किती जणांनी एजंटला विचारलं की घरासमोरचा रस्ता कुणाच्या मालकीचा आहे? दोन. मग आपण रस्त्यापासूनच सुरुवात करू.

घर बघताना आपण आधी स्वयंपाकघरात शिरतो. चिमणी हवा बाहेर टाकते की गाळून पुन्हा घरातच सोडते, हे बघतो. फोडणी देणाऱ्या माणसाने ते बघायलाच हवं. दोन्ही प्रकार असतात आणि दुसऱ्या प्रकारात मोहरीचा वास रात्रीपर्यंत जिन्यात राहतो. पण चिमणी बदलता येते. रस्त्याची मालकी बदलता येत नाही.

डोळ्यांसमोर एक क्लोज आणा. पंधरा-वीस घरं, आत यायला एकच तोंड, शेवटी गाडी वळवायला जागा, कडेला गवताची पट्टी, कोपऱ्यात छोटं तळं. घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट आपलं. पण कुठपर्यंत आपलं? लँड रजिस्ट्रीच्या, म्हणजे सरकारी जमीन नोंदणीच्या, टायटल प्लॅनवर (मालकीच्या नकाशावर) तुमच्या जमिनीभोवती लाल रेषा असते. ती साधारणपणे पुढच्या अंगणाच्या कडेला थांबते. पलीकडचा रस्ता, दिवे, गवत, तळं हे सगळं कौन्सिल, म्हणजे इथली पालिका, बघत असेल असं आपण धरून चालतो. नव्या वसाहतीत ते धरून चालू नका. इथल्या स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०२४मध्ये गृहबांधणीवरचा अहवाल दिला. त्यात म्हटलंय की ११ मोठ्या बिल्डरांनी २०२१-२२मध्ये विकलेल्या नव्या घरांपैकी ८० टक्के घरांना इस्टेट चार्ज, म्हणजे वसाहतीच्या सामायिक जागांच्या देखभालीचा आकार, लागू होता, सरासरी वर्षाला ३५० पौंड. आणि कौन्सिल टॅक्समध्ये त्याबद्दल एका पेनीचीही सूट नाही. शेजारच्या जुन्या गल्लीतला माणूस जेवढा टॅक्स भरतो तेवढाच तुम्ही भरायचा, वर तुमच्या गल्लीचे दिवे तुमच्याच खर्चाने लावायचे.

आपली माणसं इथेच फसतात, कारण 'वर्षाला थोडा चार्ज आहे' असं ऐकलं की आपल्या मनात लगेच 'सोसायटीचा मेंटेनन्स' येतो. ठाण्यात भरत होतो, इथे भरू. पण सोसायटी म्हणजे काय? सभासद आपणच, कमिटी आपण निवडलेली, वार्षिक सभेत हिशेब मांडावा लागतो, आणि सेक्रेटरीला जिन्यात गाठून विचारता येतं की लिफ्टचं बिल एवढं का. इथे पुष्कळदा तसं नसतं. रस्ता आणि तळं एका मॅनेजमेंट कंपनीच्या नावावर, तिने नेमलेला एजंट दुसऱ्याच गावात, बिलात गवत कापण्याच्या रकमेशेजारी 'व्यवस्थापन शुल्क'. एजंट बदलायचा अधिकार रहिवाशांना आहे का, हे खरेदीच्या कागदात काय लिहिलंय त्यावर ठरतं. काही वसाहतींत शेवटचं घर विकलं गेलं की कंपनी रहिवाशांच्या हाती येते. ते चांगलं. काही ठिकाणी ती कधीच येत नाही.

मग कौन्सिल हे रस्ते घेत का नाही? बिल्डर आणि कौन्सिल यांच्यात हायवेज ॲक्ट १९८०च्या कलम ३८खाली करार होतो. रस्ता ठरलेल्या दर्जाने बांधायचा, हमी म्हणून बाँड द्यायचा, बांधून झाल्यावर साधारण वर्षभर तो नीट टिकतो का ते बघायचं, आणि मग कौन्सिलने ताब्यात घ्यायचा. पण असा करार करायची बिल्डरवर सक्ती नाही. आणि करार असला तरी गाडी अडते ती बहुधा जमिनीखाली. रस्त्याखालच्या सांडपाण्याच्या वाहिन्या आधी पाणी कंपनीने घ्याव्या लागतात, त्याचा करार वेगळा, वॉटर इंडस्ट्री ॲक्ट १९९१चं कलम १०४. वाहिनीचा उतार चुकला, चेंबरमध्ये सिमेंट साचलं, की ते काम थांबतं आणि वरचा रस्ताही लटकतो. तळ्याची गोष्ट आणखी निराळी. ते पावसाचं पाणी धरून हळूहळू सोडायला खोदलेलं असतं. अशी तळी कुणी सांभाळायची याची तरतूद २०१०च्या पूर कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. वेल्समध्ये ती २०१९पासून लागू झाली, इंग्लंडमध्ये लागू केलेली नाही. म्हणून इंग्लंडमधली तळी मॅनेजमेंट कंपनीच्या गळ्यात आणि तिचं बिल तुमच्या.

हे दुसऱ्या पद्धतीनेही करता येतं. मिल्टन कीन्समध्ये उद्यानांसाठी १९९२मध्ये पार्क्स ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याला उत्पन्न देणाऱ्या व्यापारी मालमत्ता देऊन ठेवल्या. त्यांच्या भाड्यावर तळी आणि झाडी सांभाळली जातात. तीस वर्षांपूर्वी जमलं ते आज का जमत नाही, हा प्रश्न आपण आपल्या खासदारांना विचारायला हवा.

रस्ता अपूर्ण आहे हे डोळ्यांनी ओळखता येतं. बांधकामाच्या जड गाड्या जा-ये करतात तोवर बिल्डर डांबराचा वरचा थर देत नाही. चेंबरची झाकणं मात्र अंतिम पातळीला बसवलेली असतात, म्हणून ती रस्त्याच्या वर उचललेली दिसतात. पाणी जाण्याच्या जाळ्याही उंच राहतात आणि पाणी त्यांच्याभोवती साचतं. शक्य असेल तर घर पावसात बघायला जा.

आता कागदावरचा खरा धोका. इस्टेट चार्ज कधी साध्या कराराने लावतात, कधी 'इस्टेट रेंटचार्ज' म्हणून, म्हणजे थेट जमिनीवरच बसवलेली देणी म्हणून. दुसऱ्या प्रकाराला १९२५च्या मालमत्ता कायद्याचं कलम १२१ चिकटतं. रक्कम देय तारखेपासून ४० दिवस थकली, मग मागणीपत्र आलेलं असो वा नसो, तर रेंटचार्जच्या मालकाला तुमच्या घरावर भाडेपट्टा निर्माण करता येतो. हे नुसतं पुस्तकातलं कलम नाही. २०१६मध्ये अप्पर ट्रायब्युनलसमोर, म्हणजे वरच्या न्यायाधिकरणासमोर, एक प्रकरण आलं. वर्षाला ६ ते १५ पौंडांचे जुने रेंटचार्ज, थकबाकी अगदी किरकोळ, आणि त्यावरून ९९ वर्षांचे भाडेपट्टे केलेले. ट्रायब्युनलने ते वैध ठरवले. थकबाकी भरली तरी भाडेपट्टा आपोआप संपत नाही, असंही सांगितलं. अशा घरावर कोणती बँक कर्ज देईल? २०२४च्या लीजहोल्ड आणि फ्रीहोल्ड सुधारणा कायद्याने जुन्या रेंटचार्जपुरता हा मार्ग बंद केला, पण नव्या वसाहतींच्या इस्टेट रेंटचार्जना त्यातून वगळलं. म्हणून वकिलाला स्पष्ट सांगा की कलम १२१ लागू होणार नाही असा दुरुस्तीचा दस्त हवा. पुष्कळ बँकाही तोच मागतात.

तपासायचं कसं? लँड रजिस्ट्रीवरून टायटल रजिस्टर आणि प्लॅन काढा, प्रत्येकी ७ पौंड. सातबारा काढतो तसंच. रजिस्टरमध्ये 'रिस्ट्रिक्शन' आहे का बघा. असेल तर पुढे घर विकताना मॅनेजमेंट कंपनीच्या दाखल्याशिवाय नोंदणी होणार नाही आणि त्या दाखल्याची फी पडेल. सार्वजनिक खर्चाने सांभाळल्या जाणाऱ्या रस्त्यांची यादी कौन्सिलला ठेवावीच लागते आणि ती कुणालाही फुकट बघता येते. काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन कौन्सिल असतील तर रस्ते काउंटीकडे. वकिलाकडून टीपी-१ हा हस्तांतराचा दस्त मागून स्वतः वाचा, चार्जमध्ये तुमचा वाटा किती आणि त्याला कमाल मर्यादा आहे का, ते त्यात असतं. एफएमई-१ या प्रश्नावलीतून मागच्या तीन वर्षांचे हिशेब घ्या. आणि कचऱ्याची गाडी आत येते का, हे शेजाऱ्याला विचारा. खासगी रस्त्यावर ती पुष्कळदा तोंडाशीच थांबते आणि कचऱ्याचे भरलेले डबे तिथवर ओढत न्यावे लागतात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं आहेत म्हणे. मग 'ऑफरपासून किल्लीपर्यंत' भराभर घेऊ.

आधी बँकेकडून तत्त्वतः मंजुरी, मग एजंटमार्फत ऑफर. ऑफर मान्य झाली म्हणजे घर मिळालं असं नाही. करारांची अदलाबदल, म्हणजे एक्स्चेंज होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. विकणारा जास्त देणाऱ्याकडे जाऊ शकतो. बँकेचं मूल्यांकन ते बँकेसाठी. तुमच्यासाठी स्वतंत्र सर्व्हे करा, साध्या घराला लेव्हल २, जुन्या किंवा वाढवलेल्या घराला लेव्हल ३. वकील कौन्सिल, पाणी-सांडपाणी आणि पर्यावरण यांच्या नोंदी तपासतो. एक्स्चेंजला बहुधा १० टक्के रक्कम भरायची, आणि घराचा विमा त्याच दिवसापासून सुरू करायचा, किल्ली मिळाल्यावर नाही.

स्टॅम्प ड्यूटी, आणि हे कृपया लिहून घ्या. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३ लाख पौंडांपर्यंत शून्य आणि त्यावर ५ लाखांपर्यंत ५ टक्के. घर ५ लाखांच्या वर गेलं की सवलत पूर्ण जाते. पण 'पहिल्यांदा' म्हणजे जगात कुठेही पहिल्यांदा. पुण्यातला फ्लॅट तुमच्या नावावर असेल किंवा वारसाने वाटा आला असेल, तर ही सवलत नाही. दोघं मिळून घेत असाल तर दोघांनाही हीच अट. शिवाय भारतातल्या घरातला तुमचा हिस्सा ४० हजार पौंड किंवा अधिक किमतीचा असेल तर इथलं घर 'दुसरं' धरून संपूर्ण किमतीवर ५ टक्के जादा. नवरा-बायको यात एकच धरतात. ४ लाखांच्या घराचा हिशेब करा. पहिल्यांदा घेणाऱ्याला ५ हजार, एरवी १० हजार, जादा आकारासह ३० हजार. अपवाद आहेत, म्हणून पहिल्याच भेटीत वकिलाला भारतातली सगळी मालमत्ता सांगा. रिटर्न भरायला किल्ली मिळाल्यापासून १४ दिवस असतात.

आईवडिलांनी तिकडून पैसे पाठवले तर ते भेट आहेत, परत द्यायचे नाहीत, असं पत्र आणि त्यांची बँक स्टेटमेंट्स लागतात. भारतात राहणाऱ्याला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. मार्चअखेर वर्ष बदलतं, त्याप्रमाणे आधीच आखणी करा. एक्स्चेंजच्या आठवड्यात धावपळ नको.

चहा आलाय. ज्यांच्या फोनमध्ये टायटल प्लॅन आहे त्यांनी तो घेऊन या खिडकीजवळच्या टेबलाशी या. लाल रेषा नेमकी कुठे थांबते ते बघू.