बेकर स्ट्रीटच्या सतरा पायऱ्या

सर्वांना नमस्कार. मंडळाच्या लंडन सहलीत यंदा शेरलॉक होम्स संग्रहालय आहे, म्हणून निघण्याआधीचा एक गृहपाठ. आर्थर कॉनन डॉयल यांची 'मस्ग्रेव्ह रिच्युअल' ही कथा काढा आणि निदान तिची पहिली दोन पानं वाचून या. होम्सच्या पसाऱ्याची अख्खी यादी तिथे आहे.

आता वाट. बेकर स्ट्रीट स्टेशन 1863 चं, जगातल्या पहिल्या भुयारी रेल्वेवरचं. मेरिलबोन रोडच्या बाजूने बाहेर पडलात तर होम्सचा ब्राँझचा पुतळा दिसेल. संग्रहालय मात्र तिथे नाही, बेकर स्ट्रीटने रीजंट्स पार्ककडे काही मिनिटं चालायचं. घरांचे नंबर मोजत गेलात की हमखास चुकाल, कारण '221 बी' या होम्सच्या कथांमधल्या पत्त्याची पाटी 237 आणि 241 यांच्या मधल्या घरावर आहे. डॉयल लिहीत होते तेव्हा या रस्त्याचे नंबर 221 पर्यंत पोचतच नव्हते. पुढे रस्त्याला नवे क्रमांक मिळाले आणि 221 एका बिल्डिंग सोसायटीच्या, म्हणजे घरासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या, कचेरीत गेला. होम्सच्या नावाने तिथे इतकी पत्रं यायची, की उत्तरं लिहायला सेक्रेटरी नेमावी लागली!

संग्रहालय 1990 मध्ये उघडलं, घर 1815 चं. लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि चढा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं, बाबागाडी तर नेऊच नये. तिकिटं आधी काढून ठेवू. खोल्या लहान आहेत, सगळे एकदम शिरलो तर एकमेकांच्या पाठीच बघू. चार-चार जणांनी वर जायचं.

सतरा पायऱ्या चढलात की पहिल्या मजल्यावर बैठकीची खोली. होम्स आपला सोबती डॉ. वॉटसनला दुसऱ्या एका कथेत हाच आकडा ऐकवतो, कारण वॉटसनने त्या शेकडो वेळा चढूनही कधी मोजलेल्या नसतात. तुम्ही मोजा. आत शिरल्यावर बहुतेक जण टोपी घालून खुर्चीत फोटो काढायला धावतात. फोटो नंतर काढा, आधी शेकोटीकडे बघा. उत्तर न दिलेली पत्रं सुरा खुपसून फळीवर रोवलेली, तंबाखू इराणी सपातेच्या टोकात कोंबलेली. मग भिंतीवरची 'व्ही. आर.' ही अक्षरं शोधा. व्हिक्टोरिया राणीची ही आद्याक्षरं होम्सने खुर्चीत बसल्या बसल्या पिस्तुलाच्या गोळ्यांनी कोरली, असं गृहपाठाच्या कथेत आहे. या खोलीला निम्मा वेळ द्या. वरच्या मजल्यांवरचे मेणाचे पुतळे मुलांना आवडतील, मोठ्यांनी तिथे फार रेंगाळू नये.

दिवस हाताशी असेल तर चेअरिंग क्रॉसजवळ नॉर्थम्बरलंड स्ट्रीटवरच्या 'शेरलॉक होम्स' पबमध्येही जाऊ. 1951 च्या प्रदर्शनासाठी मांडलेली होम्सची बैठक तिथे काचेआड ठेवली आहे. वर्णन त्याच कथांमधलं, मांडणी दुसऱ्या हातांची. दोन्हीकडे सपाता कुठे टांगलीय, ते पाहून ठेवा.