आईबाबांनी हात लावायचा नाही

म्युझियमच्या मागच्या हॉलमधे टेबलं लागलीत, वर जुने पेपर अंथरलेत, आणि सगळ्यात जास्त टेन्शन कोणाला असेल तर ते आईबाबांना. मुलं मजेत आहेत.

आजचं वर्कशॉप घेणारी चित्रकार इथल्या स्टाफमधली नाही, पाहुणी आहे. म्हणून रंग बाहेर काढायच्या आधी ती सगळ्यांना गॅलरीत नेते. हातात फक्त पेन्सिल, कारण पेनची शाई एकदा वस्तूला लागली की संपलंच. एका जुन्या दिव्यासमोर बसायचं, नजर दिव्यावर, आणि कागदाकडे अजिबात न बघता रेषा ओढायची. मोठ्यांना हे जमतच नाही हो, दर दोन सेकंदाला डोळे खाली. एका आजोबांचा दिवा बटाट्यासारखा झालाय आणि नातीला तोच जास्त आवडलाय.

मग प्रिंट. अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर रोलरने शाईचा पातळ थर, त्यावर अलगद कागद, आणि कागदाच्या पाठीवर पेन्सिलने चित्र... जिथे दाब पडेल तिथलीच शाई खालच्या बाजूला उमटते, आणि चित्र उलटं येतं. ज्यांनी आपलं नाव लिहिलं ते बसलेत आता आरशात वाचत! फ्रेंच चित्रकार पॉल गोगँने 1899 च्या सुमाराला याच पद्धतीने चित्रं केली होती.

पण खरी मेख पुढे आहे. कागदाला बोट टेकलं तरी डाग पडतो. म्हणजे कुणी "थांब, मी धरतो" म्हणून मदत केली की ती मदत प्रिंटमधे छापली जाते, अंगठ्यासकट.

न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियममधे तिथले कलाशिक्षक व्हिक्टर डी'अमिको यांनी 1942 मधे मुलांसाठी आर्ट कार्निव्हल, म्हणजे असंच हाताने करून बघायचं वर्कशॉप सुरू केलं, तिथे मोठ्यांना आत प्रवेशच नव्हता. सोपा उपाय, पण मला विचाराल तर आईबाबांना बाहेर बसवण्यापेक्षा त्यांच्याही हातात एक कोरा कागद दिलेला बरा. स्वतःचं चित्र बिघडायला लागलं की माणूस दुसऱ्याचं सुधारायला जात नाही.

या कोपऱ्यातल्या बाबांनी मात्र मगाशी हात लावलाच. मुलीच्या आगगाडीवर मोठा काळा धब्बा. ती दोन मिनिटं गप्प, मग दुसरा कागद घेते, इंजिन काढते आणि म्हणते, "बाबा, आता इथे हात ठेव. नाही, अजून जोरात. धूर पाहिजे."